दर सांगताना आवाज खाली का जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार-पाच वर्षं डिझाइनचं काम करूनही क्लायंटनं "हे बदला" म्हटलं की आपण निमूट बदलून देतो. दर सांगायची वेळ आली की मनातला आकडा ओठांवर येईपर्यंत निम्मा होतो. दुसऱ्यांचं काम पाहिलं की आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. मग आत्मविश्वास कसा वाढवायचा आणि आपली किंमत कशी ओळखायची?

इथे दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत. आपला निर्णय बरोबर आहे का हे सांगता न येणं ही एक, आणि कामाचे किती पैसे घ्यायचे हे माहीत नसणं ही दुसरी. पहिलीवर उपाय आहे कारणं लिहून ठेवण्याचा, दुसरीवर बेरीज-वजाबाकीचा. दोन्हींना "माझ्यात आत्मविश्वास नाही" असं एकच लेबल लावलं की माणूस प्रेरणादायी व्हिडिओ बघत बसतो आणि पुढचं कोटेशन पुन्हा अंदाजपंचेच लिहितो.

आपण तोतया आहोत आणि कधीतरी पकडले जाणार, या भावनेबद्दल आधी दोन ओळी. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली कर्तबगार स्त्रियांशी झालेल्या कामाच्या आधारे तिचं वर्णन केलं, आणि तेव्हाही तिला आजार म्हटलं नव्हतं. डिझायनरच्या वाट्याला ती जरा जास्तच येते, कारण आपलं काम सगळ्यांना दिसतं आणि डोळे सगळ्यांना आहेत. हिशेबनिसानं ताळेबंद समोर ठेवला तर "हा आकडा मला तितकासा आवडला नाही" असं कोणी म्हणत नाही. आपल्याला रोज म्हणतात.

आता निर्णयांकडे. प्रत्येक कामात महत्त्वाचे निर्णय दहा-बाराच असतात: रचना, अक्षराचा आकार, मुख्य रंग, पहिल्या नजरेत काय दिसावं, काय गाळावं. त्यातल्या प्रत्येकाची एक नोंद त्याच फाइलच्या कोपऱ्यात लिहा. नोंदीत चार गोष्टी हव्यात: कोणासाठी, कोणती अडचण, म्हणून काय केलं, आणि त्यापायी काय सोडलं. शेवटची गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि खरं बळ तिच्यातच असतं. "फोटो लहान केला, कारण फोनवर पहिल्याच पडद्यात वेळ आणि ठिकाण दिसायला हवं होतं. त्यामुळे पान थोडं कोरडं दिसतं, हे मान्य आहे." असं बोलणाऱ्या माणसाला "फोटो मोठा करा" म्हणणं सोपं नसतं, कारण मोठा केला तर काय जाईल ते त्यानं आधीच सांगितलेलं असतं. नोंद काम चालू असतानाच लिहायची. काम संपल्यावर लिहिलेली कारणं ही बहुधा मागाहून जुळवलेली सबब असते, आणि बोलताना ती उघडी पडते.

कारणांची पत सारखी नसते. सगळ्यांत भक्कम कारण मोजता येणारं. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या कॉन्ट्रास्टचा, म्हणजे उजळपणातल्या फरकाचा, वेबसाठीचा सर्वमान्य किमान निकष साध्या मजकुराला ४.५:१ आणि मोठ्या मजकुराला ३:१ आहे. पांढऱ्यावर ७६७६७६ या संगणकीय रंगक्रमांकाचा करडा रंग ४.५४ देतो, म्हणजे काठावर पास. एकच पायरी फिका केला, ७७७७७७ घेतला, की ४.४८ होतो आणि नापास. लोकांना "नाजूक" म्हणून आवडणारा ९९९९९९ तर जेमतेम २.८५ देतो. बटणाचंही तसंच: ॲपल किमान ४४ बाय ४४ पॉइंट सुचवतं, गूगल ४८ बाय ४८ डीपी (दोन्ही पडद्यावरची मापाची एककं). हे आकडे तोंडपाठ असले की "करडा अजून फिका करा ना" यावर वाद होत नाही. निकष दाखवायचा आणि तो मोडायचा का, हा निर्णय समोरच्यावर सोपवायचा.

दुसरी पायरी डोळ्यांनी दिसणाऱ्या कारणांची. "ओळी जवळ घ्या, जागा वाचेल" ही मागणी घ्या. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार खाली लोंबतात आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या वर चढतात. लॅटिन लिपीला पुरणारं अंतर इथे दिलं तर दोन्ही एकमेकांत अडकतात. हे सांगू नका, दाखवा. तोच परिच्छेद दोन अंतरांत छापून शेजारी शेजारी ठेवला की काम भागतं.

तिसरी पायरी वापरणाऱ्यांची. पाच माणसांना बसवून तपासा असं नेहमी सांगतात. त्यामागे याकोब नील्सन आणि थॉमस लँडॉवर या संशोधकांचं १९९३ चं गणित आहे: त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी सापडत होत्या, त्या हिशेबानं पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. हा आकडा एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांना आणि एकाच ठरावीक कामाला लागू होतो. ग्राहक आणि दुकानदार दोघंही वापरणार असतील तर दोन वेगळे गट घ्यावे लागतात. पाच-पाच मिनिटांची चाचणीही चालते. फक्त "आवडलं का?" विचारू नका. "उद्याची वेळ बदलून दाखवा" असं काम द्या आणि गप्प बसा.

या चाचणीतून आत्मविश्वास मोजण्याची एक उत्तम सवय लावता येते. चाचणीआधी कागदावर लिहा: लोक कुठे अडतील, पाचांपैकी कितीजण अडतील. नंतर ताडून पाहा. आठ-दहा चाचण्यांनंतर चित्र उमटतं. काही जणांना दिसतं की मांडणीबाबत आपला अंदाज दहात आठ वेळा बरोबर येतो, पण बटणावरच्या शब्दांबाबत निम्म्या वेळा चुकतो. मग मांडणीवर ठाम राहता येतं आणि शब्दांबाबत आधीच "हे तपासून घेऊ" म्हणता येतं. सरसकट ठामपणापेक्षा असा जागा ओळखून केलेला ठामपणा ऐकणाऱ्यालाही पटतो.

चौथं कारण आवडीचं. "इथे हाच रंग शोभतो" हे कारण चालतं, तेही आपल्या कसबाचाच भाग आहे. पण ते आवड म्हणूनच सांगा. आवडीला शास्त्राचा मुलामा देणारा डिझायनर पहिल्या उलटप्रश्नाला सापडतो, आणि मग त्याची खरी कारणंही संशयास्पद ठरतात.

काम दाखवण्याची पद्धत बिघडली तर चांगलं कामही पडतं. सर्वांत घातक सवय म्हणजे फाइल मेसेजवर पाठवून खाली "कसं वाटलं?" लिहिणं. हा प्रश्न आवडीचा आहे, म्हणून उत्तरही आवडीचंच येतं. शक्यतो बोलत दाखवा. वीस मिनिटांची भेट असेल तर पहिली चार-पाच मिनिटं पडदा कोराच ठेवा आणि ब्रीफमध्ये (क्लायंटनं सुरुवातीला दिलेल्या कामाच्या वर्णनात) ठरलेलं पुन्हा सांगा: कोणासाठी, काय साधायचं, कोणती बंधनं. यावर "हो" आलं की मग डिझाइन उघडा. शेवटी नेमका प्रश्न विचारा: "पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला इथून पुढे काय करायचं ते कळेल असं वाटतं का? तुमच्या ग्राहकाबद्दल मला माहीत नसलेलं काही इथे चुकतंय का?" क्लायंट त्याच्या धंद्यातला जाणकार असतो, त्याला त्याच्याच विषयातलं विचारा.

तीन पर्याय दाखवावेत का? स्वतःला ठरवता येत नाही म्हणून तीन दाखवत असाल तर दाखवू नका. "पहिल्याचं वरचं, दुसऱ्याचा रंग आणि तिसऱ्याचा फॉन्ट" हे उत्तर ठरलेलं आहे, आणि चूक क्लायंटची नसते. ताट मांडलं म्हणून त्यानं वाढून घेतलं. सुरुवातीच्या कच्च्या टप्प्यात दिशा ठरवायला दोन-तीन रेखाटनं जरूर न्या, पण त्या खरोखर वेगळ्या दिशा हव्यात आणि तुमची शिफारस कोणती ते सांगायला हवं. अमेरिकी डिझायनर पॉल रँड यांनी १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट या संगणक कंपनीच्या लोगोचे १ लाख डॉलर घेतले आणि पर्याय एकच दिला, हा दाखला सगळे देतात. त्या लोगोबरोबर एक पुस्तिका होती आणि ती वाचणाऱ्याला एकेक पायरीनं त्या निष्कर्षापर्यंत नेत होती, हे मात्र सांगायचं राहून जातं. शिवाय त्यांच्यामागे आयबीएमसारख्या कंपन्यांचं तीस वर्षांचं काम होतं. पुस्तिका न लिहिता फक्त "एकच पर्याय" उचलला तर तो हट्ट दिसतो.

करेक्शन आल्या की लगेच हात लावू नका. यादी घ्या आणि तीन ढीग करा. चुकीची माहिती, म्हणजे नाव, तारीख, उत्पादनाचा तपशील: हे निमूट दुरुस्त करायचं. जाणवलेली अडचण, म्हणजे "इथे नजर ठरत नाही", "हे गंभीर वाटत नाही": हे सोनं आहे, आणि उपाय तुम्ही शोधायचा. तिसरा ढीग सुचवलेल्या उपायांचा: "लोगो मोठा करा", "लाल करा". इथे परत अडचणीपर्यंत जायचं. "लोगो मोठा केल्यानं काय साधायला हवंय?" असं विचारलं की बहुतेक वेळा कळतं, त्यांना वाटतंय की हे पान कोणाचं आहे ते ओळखू येत नाही. त्यावर जागा बदलणं, आजूबाजूची गर्दी कमी करणं असे चार उपाय असतात. "जरा मॉडर्न करा" यावर मात्र प्रश्न विचारून भागत नाही. दोन-तीन नमुने समोर ठेवून कोणता जवळचा ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

किती ताणायचं याचा हिशेब सोपा ठेवा. वापरणाऱ्याचं नुकसान होत असेल, मजकूर वाचता येत नसेल, माणूस फसत असेल, तर लेखी हरकत नोंदवा. बाकी ठिकाणी एकदा कारणासह सांगा, तरी ऐकलं नाही तर करून द्या आणि नोंदीत लिहा. प्रत्येक छटेसाठी भांडणारा माणूस आत्मविश्वासू वाटत नाही, दमवणारा वाटतो.

कधीकधी शंका खरीही असते. तीन वेगवेगळ्या कामांत तीन वेगवेगळ्या माणसांनी एकच गोष्ट सांगितली, समजा "आधी काय वाचायचं तेच कळत नाही", तर ती कसबातली उणीव धरा आणि महिनाभर फक्त तेवढ्यावर हात बसवा: रोज एक पान, एकच रंग, एकच फॉन्ट, फक्त आकार आणि मोकळी जागा वापरून क्रम दाखवायचा. एकाच माणसानं एकदा सांगितलं असेल तर तो अभिप्राय आहे, तेवढाच धरा.

इतरांच्या कामाशी तुलना करण्याबद्दल एवढंच: तिथे दिसतो तो निवडलेला शेवटचा तुकडा. त्यातला ब्रीफ, मुदत, नाकारलेले पर्याय काहीच दिसत नाही.

आता पैसे. फ्रीलान्स करणाऱ्यांची सगळ्यांत मोठी चूक म्हणजे नोकरीतल्या पगाराला तासांनी भागून दर काढणं. नोकरीत वर्षाला २६० दिवस, रोज ८ तास, म्हणजे २,०८० तासांचे पैसे मिळतात, रजेचेसुद्धा. स्वतंत्र माणसाचे २६० मधून सुट्ट्या, आजारपण, घरची कामं मिळून ३५ दिवस जातात. उरले २२५. त्यातला मोठा भाग कामं मिळवणं, कोटेशन, बिलं, वसुली, शिकणं यांत जातो; ६० टक्के दिवस पैसे देणाऱ्या कामाचे धरले तर १३५. आणि दिवसाला खरं एकाग्र काम ६ तासांचं. म्हणजे वर्षाला ८१० तास. २,०८० ला ८१० नं भागलं की २.५७ येतं. त्यावर सॉफ्टवेअर, यंत्र, फॉन्ट, विमा, कर सल्लागार यांचे समजा २० टक्के चढवले की आकडा तिपटीच्या थोडा वर जातो. नोकरीतल्या तासाच्या दरानं फ्रीलान्स करणारा माणूस प्रत्यक्षात एक तृतीयांश पगारावर राबतो, आणि वर "मी महाग आहे का?" असं विचारतो.

तुमचे आकडे वेगळे असतील, म्हणून तीन महिने तासांची वही ठेवा. मग वर्षाला लागणारी रक्कम, खर्च, कर आणि बचत यांची बेरीज तुमच्या खऱ्या तासांनी भागा. हा तुमचा तळाचा दर. याच्या खाली गेलात तर काम करूनही तूट. तळाचा दर क्लायंटला सांगायचा नसतो, तो स्वतःला "नाही" म्हणता यावं म्हणून असतो. आवाज खाली जातो तो बहुधा हा आकडा माहीत नसल्यामुळेच.

पुढची चूक अंदाजातली. लोगोच्या एका मध्यम कामाचे तास असे पडू शकतात: ब्रीफ आणि प्रश्न ४, अभ्यास ६, रेखाटनं १०, संगणकावर बांधणी १२, सादरीकरण ५, करेक्शनचे दोन राउंड (फेऱ्या) १०, अंतिम फाइली ६, फोन आणि मेल ७. बेरीज ६०. घाईत कोटेशन लिहिणारा रेखाटनं आणि बांधणी एवढंच "काम" धरतो, म्हणजे २२ तास. उरलेले ३८ तो फुकट करतो, आणि मग क्लायंटवर चिडतो. शिवाय अंदाज आणि प्रत्यक्ष यांचं गुणोत्तर काढा. मागच्या पाच कामांचा अंदाज मिळून ३०० तास होता आणि लागले ४२०, तर तुमचा गुणक १.४. पुढचा अंदाज त्यानं गुणूनच बाहेर पाठवायचा. लाजायचं कारण नाही, प्रत्येकाचा काही ना काही असतो.

तासांवरचा हिशेब हा तळ झाला. वरची बाजू वापरावर ठरते. कॅरोलिन डेव्हिडसन यांनी १९७१ मध्ये नायकेची खूण ३५ डॉलरला करून दिली. त्या वेळी त्या विद्यार्थिनी होत्या आणि कंपनी अगदी लहान होती. पुढे १९८३ मध्ये कंपनीनं त्यांना शेअर दिले, पण तो कंपनीचा चांगुलपणा होता, करार नव्हे. म्हणून कोटेशनमध्ये वापर लिहा: कुठे, किती काळ, कोणत्या माध्यमात. एका कार्यक्रमाच्या पोस्टरसाठीचं चित्र उद्या उत्पादनाच्या वेष्टनावर गेलं तर वेगळे पैसे.

आकडा सांगताना एक वाक्य पुरतं: "या कामाचे एवढे होतील, त्यात हे हे येईल." मग थांबा. शांतता असह्य होऊन "पण कमी-जास्त करता येईल" हे वाक्य आपणच टाकतो, समोरच्यानं काही विचारलेलंही नसतं. बोलणं जमत नसेल तर "उद्या लेखी पाठवतो" म्हणणं पूर्ण व्यावसायिक आहे. पाठवताना कामाच्या व्याप्तीचे दोन-तीन पर्याय द्या: फक्त लोगो, लोगो आणि वापराची नियमावली, दोन्ही आणि छपाईच्या फाइली. त्यामुळे चर्चा "घ्यायचं का" वरून "कोणतं घ्यायचं" वर सरकते.

सूट मागितली तर दर तसाच ठेवा आणि काम कमी करा. शंभरातले सत्तर खर्चात जात असतील तर २० टक्के सूट म्हणजे तुमच्या तिसातले वीस गेले, म्हणजे दोन तृतीयांश. "या रकमेत बसवायचं तर नियमावली आणि एक राउंड काढू" असं म्हणा. नुसता आकडा खाली आणला तर क्लायंटला कळतं की पहिला आकडा खरा नव्हता, आणि पुढच्या प्रत्येक वेळी तो तसंच धरून चालतो.

अटींपैकी पाच-सहा तरी लेखी हव्यात. निम्मी रक्कम सुरुवातीलाच, किंवा मोठ्या कामाला ४०-३०-३० टक्क्यांचे तीन हप्ते. "राउंड" म्हणजे काय ते लिहा: एका माणसानं एकत्र करून लेखी दिलेली यादी. नाहीतर चार जणांचे चार दिवसांत आलेले मेसेज हा एकच राउंड मानला जातो. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर वेळापत्रक नव्यानं ठरेल. मध्येच काम थांबलं तर झालेल्या टप्प्यांचे पूर्ण आणि उरलेल्याचे ठरावीक टक्के. नाकारलेले पर्याय तुमचेच राहतील. सोर्स फाइली (ज्यांत बदल करता येतात अशा मूळ फाइली) द्यायच्या का आणि कितीला, ही वेगळी ओळ. अंतिम फाइली शेवटची रक्कम जमा झाल्यावर. फॉन्ट आणि फोटोंचे परवाने क्लायंटच्या नावावर. करारात आहे म्हटलं की पैसे मागायला धीर लागत नाही, फक्त कलमावर बोट ठेवावं लागतं.

दर कधी वाढवायचा? मागच्या दहा कोटेशनपैकी नऊ-दहा घासाघीस न होता मान्य झाली असतील तर दर कमी आहे. पुढच्या नव्या क्लायंटला १५-२० टक्के वाढवून सांगा आणि पुन्हा मोजा. तीनच मान्य होत असतील तर लगेच दर पाडू नका. आधी पाहा, चुकीच्या लोकांना कोटेशन जातंय का, आणि कोटेशनमध्ये त्यांची अडचण त्यांच्या शब्दांत लिहिली आहे का. जुन्या क्लायंटना दोन महिने आधी एका ओळीत कळवा. माफी मागू नका आणि महागाईचं पुराणही लावू नका.

नोकरीत असाल तर तिपटीचं गणित लागू नाही, पण नोंदींची सवय अधिकच लागू आहे. काम सुरू होण्याआधीचा आकडा घेऊन ठेवा: अर्ज पूर्ण करणारे किती, मदतीसाठी फोन किती, एका कामाला वेळ किती. नंतर तोच आकडा घ्या. आधीचा आकडा नसेल तर सुधारणेचा दावा करताच येत नाही, आणि ही नोंद अनेक जण विसरतात. याच काळात जाहिरात किंवा दर बदलले असतील तर तेही लिहा, सगळं श्रेय ओढलं की दावा ढिला पडतो. अशा तीन कामांचं एक पान करा आणि पगारवाढीचे आकडे ठरण्याआधी दोन-तीन महिने वरिष्ठांसमोर ठेवा. पत्र हातात पडल्यावर बोलून फारसं काही हलत नाही, कारण तोपर्यंत रकमा वाटून झालेल्या असतात.